सुपरहिरो आपटतो कधी?

मुलांना सुट्टीत एखादा सुपरहिरोपट दाखवून मल्टिप्लेक्समधून बाहेर पडणारे आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात. या लोकांकडे पैसा बक्कळ, संगणकावर हवं ते दाखवता येतं, गोष्ट तर कॉमिक्समध्ये आयती तयार. मग एक बॅटमन लोक डोक्यावर घेतात आणि दुसऱ्या बॅटमनच्या नावाने बोटं मोडतात, असं का?

प्रश्न रास्त आहे. १९९७चा ‘बॅटमन अँड रॉबिन’ आणि २००८चा ‘द डार्क नाइट’ हे दोन्ही वॉर्नर ब्रदर्सचे. नायक तोच, मुखवटा तोच, गॉथम शहर तेच. पहिल्या सिनेमानंतर बॅटमन आठ वर्षं पडद्यावर फिरकला नाही. दुसऱ्याने जगभरात १०० कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला आणि त्यातल्या जोकरसाठी हीथ लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. मधल्या काळात तंत्र सुधारलं, हे उत्तर इथे टिकत नाही. ‘द डार्क नाइट’मधला लोकांच्या सर्वांत लक्षात राहिलेला प्रसंग म्हणजे पोलिस ठाण्यातली चौकशी. एक खोली, एक टेबल, दोन माणसं. त्यात असं काहीही नाही, जे १९९७ साली चित्रित करता आलं नसतं.

मग फरक कशात आहे, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

१. ‘चालला’ कशाला म्हणायचं?

नुसत्या गल्ल्यावर जाऊ नये. २००७च्या ‘स्पायडरमॅन ३’ने आधीच्या दोन्ही भागांपेक्षा जास्त पैसे मिळवले, सुमारे ८९ कोटी डॉलर. तरी तिघांत नावडता भाग कोणता असं कुणालाही विचारा, तोच सांगतील. आधीचे दोन आवडले होते, त्याची पुण्याई तिसऱ्याच्या कामी आली.

सिनेमाचे पहिले तीन दिवस नावावर जातात. पोस्टर, ट्रेलर, जुनी ओळख यांच्या जोरावर लोक येतात. सोमवारपासून मात्र पाहून आलेले लोक न पाहिलेल्यांना काय सांगतात, त्यावर सगळं ठरतं. म्हणून एक सोपा हिशेब करायचा: एकूण गल्ल्याला पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या गल्ल्याने भागायचं.

२०१६च्या ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन’ने अमेरिका आणि कॅनडात पहिल्या तीन दिवसांत १६ कोटी ६० लाख डॉलर घेतले. शेवटी बेरीज झाली ३३ कोटी. भागाकार येतो दोन. म्हणजे तीन दिवसांत जेवढं आलं, तेवढंच पुढच्या सगळ्या आठवड्यांत मिळून आलं. दुसऱ्याच शनिवार-रविवारी गल्ला ६९ टक्क्यांनी घसरला होता. आता २०१७ची ‘वंडर वुमन’ घ्या. सुरुवात १० कोटी ३० लाखांची, शेवट ४१ कोटींच्या वर. भागाकार चार. सुरुवातीला मागे असलेल्या बाईने शेवटी त्या दोन्ही बाप्यांना मागे टाकलं.

या प्रकरणात ‘चालला’ म्हणजे लोकांना आवडला, एवढाच अर्थ घेतला आहे. आवडूनही पैसा न मिळवणारे सिनेमे असतात. त्यातला एक शेवटी येईल.

२. शक्ती आणि पेच

सुपरहिरोची ओळख करून देताना आपण त्याच्या शक्तींची यादी सांगतो. हा उडतो, तो भिंतीवर चढतो, तिसऱ्याच्या मुठीतून पाती निघतात. पण ज्याला वाट्टेल ते करता येतं, त्याची काळजी कुणी का करावी? ही अडचण कॉमिक्सच्या लेखकांना फार लवकर कळली. म्हणून त्यांनी शक्तीच्या जोडीला प्रत्येकाला एकेक पेच दिला. पेच म्हणजे शक्तीने न सुटणारी गोष्ट. शक्तीमुळेच ती उभी राहिली असेल, तर उत्तम.

जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा सुपरमॅन १९३८ साली कॉमिक्समध्ये आला. त्याचा पेच ४० वर्षांनी रिचर्ड डॉनरने पडद्यावर नेमका दाखवला. १९७८च्या ‘सुपरमॅन’मध्ये कॅन्ससच्या शेतावर त्याला वाढवणारा म्हातारा बाप हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. पोरगा आगगाडीच्या पुढे धावू शकतो, पण इथे काही करू शकत नाही. दफनाच्या वेळी तो आईला हेच बोलून दाखवतो. सिनेमातली उड्डाणं त्या काळी थक्क करणारी होती, त्यांना ऑस्करही मिळालं. पण ती पाहताना आपल्याला त्या पोराबद्दल काहीतरी वाटतं ते या शेतावरच्या प्रसंगामुळे. (शेवटी पृथ्वीभोवती उलट्या फेऱ्या मारून काळ मागे नेण्याची युक्ती ही शुद्ध फसवणूक आहे. चांगल्या सिनेमांनाही असले मोह होतात.)

बॅटमनचा पेच म्हणजे त्याने स्वतःवर घातलेलं बंधन: जीव घ्यायचा नाही. १९३९च्या अगदी पहिल्यावहिल्या कॉमिक्समध्ये तो हे पाळत नसे, पण लवकरच ते पक्कं झालं. ‘द डार्क नाइट’मधल्या त्या चौकशीच्या खोलीत बॅटमन जोकरला मारमार मारतो आणि जोकर हसत राहतो. मारून टाकणार नाही हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्याला मुठीची भीती कसली? सगळी ताकद एका वाक्यात निकामी होते आणि प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकतो. टिम बर्टनच्या १९८९च्या बॅटमनने माणसं मारली तरी तो चाललाच की, असं कुणी म्हणेल. बरोबर. पण बर्टनने पेच काढला नाही, बदलला. त्याच्या गोष्टीत बॅटमनच्या आईबापांना मारणारा हाच पुढे जोकर होतो आणि त्याला रसायनाच्या पिंपात पाडणारा बॅटमन असतो. दोघांनी एकमेकांना घडवलं आहे.

‘बॅटमन अँड रॉबिन’मध्ये पेच शोधायला भिंग घेऊन बसावं लागतं. त्यात आहे बॅटमनचं स्वतःचं क्रेडिट कार्ड.

३. पिझ्झा आणि झाडू

पेच पडद्यावर दिसतो कसा, याचा आजवरचा सर्वांत चांगला धडा सॅम रायमीच्या ‘स्पायडरमॅन २’मध्ये (२००४) आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच.

पीटर पार्कर पिझ्झा पोचवण्याची नोकरी करतो. मालक मिस्टर अझीझ त्याला शेवटची संधी देतो: आठ पिझ्झा, २९ मिनिटांत पोचले नाहीत तर पैसेही नाहीत आणि नोकरीही नाही. (मिस्टर अझीझचं काम करणारा आसिफ मांडवी मुंबईत जन्मलेला.) वाहतूक तुंबलेली. पीटर गल्लीत शिरून पोशाख चढवतो आणि पिझ्झांसकट इमारतींमधून झोके घेत निघतो. वाटेत दोन मुलं ट्रकखाली येताना दिसतात. पिझ्झा कठड्यावर ठेवून तो मुलांना उचलतो. मग पत्त्यावर पोचून झाडू ठेवायच्या अडगळीच्या खोलीत कपडे बदलतो. बाहेर पडताना झाडू अंगावर कोसळतात. तो ते आत ढकलून दार लावतो, ते पुन्हा पडतात. काउंटरवरची बाई घड्याळाकडे बघते आणि सांगते, उशीर झाला, पैसे मिळणार नाहीत. नोकरी जाते.

या प्रसंगात खलनायक नाही, स्फोट नाही. दोन मुलांचे जीव वाचलेत, पण हे कुणाला सांगता येत नाही आणि घरभाडं थकलेलं आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली जो पीटर पार्कर घडवला, तो नेमका हा. पहिल्याच गोष्टीत त्याने एका चोराला ‘माझं काय जातं’ म्हणून पळू दिलं होतं आणि त्याच चोराने पुढे त्याच्या काकांना मारलं. तेव्हापासून चांगलं काम केल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि प्रत्येक चांगल्या कामाची किंमत त्याच्या खिशातून, अभ्यासातून नाहीतर प्रेमातून वसूल होते. हे सगळं रायमीने भाषण न ठोकता आठ पिझ्झांमध्ये सांगितलं.

गंमत म्हणजे याच रायमीवर कॉमिक्सचे भक्त खवळले होते. कॉमिक्समधला पीटर जाळ्याचं रसायन स्वतः बनवतो आणि मनगटावरच्या यंत्रातून सोडतो. रायमीने २००२च्या पहिल्या भागात जाळं थेट मनगटातूनच काढलं. त्यावरून रणं पेटली. सिनेमा लागला, पहिल्या तीन दिवसांत १० कोटी डॉलर ओलांडणारा तो अमेरिकेतला पहिला सिनेमा ठरला आणि मनगटाचं भांडण तिथेच विरलं. कारण पेचाला धक्का लागला नव्हता.

४. इमान कशाशी राखायचं?

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना आख्यान पाठ असतं. वस्त्रहरणात पुढे काय होणार हे लहान पोरालाही माहीत असतं. बुवा मध्येच निवडणुकीवर कोटी करतात, पेट्रोलच्या भावावर बोलतात, कुणाची हरकत नसते. पण द्रौपदीची हाक त्यांनी घाईत उरकली, तर श्रोते उठताना एकमेकांकडे बघतात. सुपरहिरोपटाचा प्रेक्षक असाच असतो. काय बदललेलं चालेल हे त्याला आधी सांगता येत नाही, पण कुठे हात लावायचा नव्हता हे बरोबर कळतं.

कॉमिक्समधला वुल्वरिन बुटका, सव्वापाच फुटांचा. २०००च्या ‘एक्स-मेन’मध्ये ती भूमिका सहा फुटांहून उंच ह्यू जॅकमनला मिळाली, पिवळा पोशाख जाऊन काळं चामडं आलं. लोकांनी त्याला २० वर्षांहून अधिक काळ वुल्वरिन म्हणून स्वीकारलं. उलट डेडपूल. या पात्राची सगळी मजा त्याच्या अखंड बडबडीत. २००९च्या ‘एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्वरिन’मध्ये त्याचं तोंडच शिवून टाकलं! हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल, याचं मला आजही कुतूहल आहे. २०१६ साली तेव्हाही डेडपूल झालेल्या रायन रेनल्ड्सला तोंड उघडू दिलं, ५ कोटी ८० लाख डॉलरच्या, या धंद्याच्या मानाने किरकोळ खर्चात. सिनेमाने जगभरात ७८ कोटी मिळवले.

मग सगळं जसंच्या तसं ठेवलं तर? तेही करून झालंय. अॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’वर झॅक स्नायडरने २००९ साली सिनेमा केला, तेव्हा कितीतरी चौकटी हुबेहूब उतरवल्या. चित्रं तीच, पण जीव निम्मा. कॉमिक्सचा वेग वाचकाच्या हातात असतो. एका चौकटीवर तो मिनिटभर रेंगाळतो, चार पानं मागे जातो, दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत काय घडलं ते स्वतः भरतो. ‘वॉचमेन’ हे पुस्तक या सवयींवरच रचलेलं आहे. सिनेमा मात्र आपल्या वेगाने पुढे सरकतो, थांबायला सवड देत नाही. चौकट उतरली तरी वाचणं उतरत नाही.

आपल्याकडे ज्यांचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं, त्यांना वेताळ आठवत असेल. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४पासून मुंबईहून काढलेल्या या मालिकेने ली फॉकचा फॅंटम मराठी घरांत आणला. त्याच्यावर १९९६ साली हॉलिवूडने सिनेमा केला. बिली झेनने जांभळा पोशाख चढवला, कवटीची अंगठीही होती. पण वेताळाचा खरा पेच असा, की लोक ज्याला अमर समजतात तो पिढीजात मरणाऱ्या माणसांपैकी एकविसावा आहे, आणि ती समजूत त्याला टिकवावी लागते. सिनेमाने हे दोन-चार संवादांत उरकलं आणि पुन्हा घोड्यावर बसवलं. सिनेमा आपटला.

५. पुढच्या सिनेमाची घाई

मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी १९९६च्या शेवटी दिवाळखोरीत गेली होती. तिची मोठी पात्रं सिनेमासाठी दुसऱ्यांच्या हाती गेली: स्पायडरमॅन सोनीकडे, एक्स-मेन आणि फॅंटॅस्टिक फोर फॉक्सकडे. उरलेल्या दुय्यम पात्रांवर स्वतः सिनेमे काढायचं ठरलं, तेव्हा त्याच पात्रांचे हक्क गहाण ठेवून २००५ साली मेरिल लिंचकडून ५२ कोटी ५० लाख डॉलरची कर्जव्यवस्था केली. पहिला सिनेमा ‘आयर्न मॅन’ (२००८). तो पडला असता तर पात्रंही हातची जायची भीती होती. त्यामुळे सगळं लक्ष त्या एकाच गोष्टीवर राहिलं: शस्त्रं विकून श्रीमंत झालेला माणूस स्वतःच्याच शस्त्राने जखमी होतो आणि छातीत यंत्र बसवून जगतो. पुढे मोठी मालिका येणार आहे, याची खूण सगळी श्रेयनामावली संपल्यावर आली, निम्मं थिएटर रिकामं झाल्यावर.

‘अॅव्हेंजर्स’ने २०१२ साली खोऱ्याने पैसा ओढल्यावर बाकीच्या स्टुडिओंनी नेमकी ती शेवटची खूण उचलली आणि ती सिनेमाच्या मध्यावर आणून ठेवली. ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन’ची गोष्ट ऐन रंगात येत असताना वंडर वुमन ईमेल उघडते आणि पुढच्या सिनेमांतल्या नायकांच्या चित्रफिती एकेक करून बघत बसते. प्रत्येक फाइलला त्या नायकाचं बोधचिन्ह तयार! खलनायकाने हे चित्रकार लावून करून घेतलं असावं. २०१४च्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’मध्ये तळघरात पुढच्या खलनायकांचे पंख आणि यांत्रिक हात मांडून ठेवले होते. त्या खलनायकांचा सिनेमा कधी आलाच नाही. पुढच्याच वर्षी सोनीने मार्व्हलशी हातमिळवणी करून स्पायडरमॅन नव्याने सुरू केला.

खलनायकांची गर्दी हा याच घाईचा भाऊ. ‘स्पायडरमॅन ३’मध्ये सॅंडमॅन होता, मित्राचा सूड होता, आणि निर्माते आवी अराड यांच्या आग्रहाने व्हेनमही आला. रायमीला व्हेनम फारसा भावत नव्हता, आणि ते पडद्यावर दिसतं. प्रत्येक खलनायक नायकाच्या पेचावर बोट ठेवायला येतो. तिघांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं की प्रेक्षकाला नेमकं कुठे दुखतंय ते कळेनासं होतं.

६. हात किती लागले?

२०१७च्या ‘जस्टिस लीग’चं काम चालू असताना झॅक स्नायडरच्या मुलीचं निधन झालं आणि तो बाजूला झाला. जॉस वीडनने पुष्कळसा भाग नव्याने चित्रित केला. सिनेमा दोन तासांत बसवायचा हुकूम होता. सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलने तोवर दुसऱ्या स्टुडिओच्या ‘मिशन: इम्पॉसिबल’साठी मिशा वाढवल्या होत्या आणि त्या काढायला परवानगी मिळाली नाही. मग त्या संगणकावर पुसल्या. सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात लहान मुलं मोबाइलवर सुपरमॅनची मुलाखत घेतात, आणि आपण उत्तरं ऐकायची सोडून त्याच्या वरच्या ओठाकडे बघत बसतो. २०२१ साली स्नायडरची चार तासांची आवृत्ती आली. ती लांबलचक आहे, पण एका माणसाची आहे.

२०१६च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’च्या बाबतीत ‘हॉलिवूड रिपोर्टर’ने छापलं होतं, की ट्रेलर फार गाजल्यामुळे ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीकडूनच सिनेमाची एक आवृत्ती संकलित करून घेतली गेली. सिनेमा पाहिला की ते पटतं. दर काही मिनिटांनी नवं गाणं सुरू होतं.

आणि हक्कांचं राजकारण तर अजब. १९९४चा ‘फॅंटॅस्टिक फोर’ सुमारे दहा लाख डॉलरमध्ये घाईघाईने उरकला, कारण सिनेमा केला नाही तर निर्मात्याकडचे हक्क जाणार होते. तो कधी प्रदर्शितच झाला नाही.

७. कंटाळा कशाचा आला?

अलीकडे एक उत्तर सर्रास दिलं जातं: लोकांना सुपरहिरोंचाच कंटाळा आलाय. २०२३च्या ‘द मार्व्हल्स’ने जगभरात जेमतेम २० कोटी डॉलर मिळवले, मार्व्हलच्या या मालिकेतला तो नीचांक. पण हा सिनेमा नीट कळायला आधीचा एक सिनेमा आणि दोन वेबमालिका पाहिलेल्या असाव्या लागतात. शनिवारी संध्याकाळी पॉपकॉर्न घेऊन बसणाऱ्याने एवढा गृहपाठ का करावा?

त्याच वर्षी ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ लागला आणि ६९ कोटी डॉलर मिळवून गेला. त्यात स्पायडरमॅन शेकड्यांनी आहेत. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून रचलेलं मुंबॅटन शहर आहे आणि तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरही. भारतात तो मराठीसह १० भाषांत आला. एवढ्या गर्दीतही तो हरवत नाही, कारण सगळी गोष्ट एकाच प्रश्नावर उभी आहे: स्पायडरमॅन व्हायचं तर जवळचं माणूस गमवावंच लागतं का? मुंबॅटनमध्ये पोलिस अधिकारी सिंग ‘ठरल्याप्रमाणे’ मरणार असतो, सिनेमाचा नायक माइल्स त्याला वाचवतो आणि बाकीचे स्पायडरमॅन त्याच्यावरच उलटतात. पीटरच्या काकांच्या मरणापासून चालत आलेल्या पेचालाच इथे जाब विचारला आहे.

पेच सांभाळला की पैसा मिळतोच, असं मात्र नाही. ब्रिटिश साप्ताहिक ‘२००० एडी’मधला जज ड्रेड १९७७पासून लोक वाचताहेत. तोच पोलिस, तोच न्यायाधीश, तोच फाशी देणारा. हेल्मेटखालचा त्याचा चेहरा कॉमिक्समध्ये दाखवत नाहीत, कारण तो माणूस उरलेलाच नाही, नुसता कायदा आहे. १९९५ साली सिल्व्हेस्टर स्टॅलोनने ही भूमिका केली आणि हेल्मेट काढून ठेवलं. एवढा मोठा नट घेऊन त्याचा चेहरा झाकायचा कसा? २०१२च्या ‘ड्रेड’मध्ये कार्ल अर्बनने ते शेवटपर्यंत काढलं नाही. सगळा अभिनय हनुवटी आणि आवाजावर. समीक्षकांनी वाखाणला, पण थिएटरं रिकामी राहिली आणि पुढचा भाग निघाला नाही. माझ्या मते या धंद्यातला तो सर्वांत अन्याय झालेला सिनेमा. मिळाला तर जरूर पाहा. मारधाड भयंकर आहे, मुलांना घेऊन बसू नका. दीड तासाचा आहे आणि त्याआधी दुसरं काहीही पाहिलेलं असण्याची गरज नाही.